कोंबडी वाजली की पंगत उठते

१२ जानेवारी, रविवार

ही डायरी ज्यानं छापली त्याला रविवारला अर्धंच पान द्यायची अक्कल कुणी दिली? रविवारी माणूस अर्धंच जेवतं काय? खताच्या दुकानाची डायरी, वर हा मोठा ट्रॅक्टर, आणि आत कागदाचा कंजूषपणा. घरातली भांडणं तर सगळी रविवारीच होतात.

असो. मी भामाबाई, राहणार भोकर. चौथीत शाळा सुटली, पुढं म्हातारपणी साक्षरतेच्या वर्गात बाईनं हात धरून गिरवायला लावलं, तेवढ्यावर लिहून राहिले. डायरी नातीनं दिली, लुंबिनीनं. म्हणली, "आजी, तू लई ओरडतीस. ओरडायचं ते ह्याच्यात लिही." मी ओरडत नाही. ह्या घरातली माणसंच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. सून शिल्पा तर नुसते ओठ हलवते. आधी अशी नव्हती. पोरीचं लग्न ठरल्यापासून माझ्यापासून काहीतरी लपवून राहिली.

लग्न ठरलं हे खरं. पोरगा हदगावचा, नाव प्रेम, बँकेत आहे. एप्रिलात बाबासाहेबांची जयंती झाली की लग्न. आणि लुंबिनीला नवं खूळ. तिला पंगतीला आजाचे वाजवायचे तवे पाहिजेत. म्हणलं, "माय, आता डीजेचा जमाना." ती म्हणली, "डीजेनं घास घशात उडतो आजी. मला बिनशब्दाचेच पाहिजेत." जागा संपली.

१६ जानेवारी, गुरुवार

तव्यांची ट्रंक काढली. पंढरी, म्हणजे माझा लेक, कपाळाला आठ्या घालून उचलू लागला. त्याला ह्या ट्रंकेचा राग आहे. लहानपणी बाप लग्नं वाजवत हिंडायचा, हा घरी राहायचा.

त्याचा बाप म्हणजे निवृत्ती. तोंडानं मी त्याचं नाव कधी घेतलं नाही, लिहायला काय जातं. धंदा लाऊडस्पीकरचा. तो कर्णा बांधायला लिंबाच्या शेंड्यावर चढायचा, मी खाली मशीनपाशी तवे बदलायला. रेकॉर्डीला आम्ही तवाच म्हणायचो. दुसरा कर्णा माझ्या डोक्यावर बांधलेला असायचा. साऱ्या गावाला ऐकू जायचं, मला तर जरा जास्तीच.

गाण्याचे तवे लावले की पंगतीत तंटा. गाण्यात सासऱ्याला दोन शब्द लागले की खरा सासरा पत्रावळीवरून उठायचा. ह्याचं गाणं लावलं तर तो रुसायचा, त्याचं लावलं तर हा. निवृत्ती बेजार झाला. मग एकदा हैदराबादला जुन्या बाजारात त्याला कुण्या पलटणीतल्या साहेबाच्या घरचे तवे सापडले. त्यात गाणंच नाही. नुसते बाजे, ढीगभर बाजे एका वेळी, आणि सगळे गंमत करणारे. एकात पिपाण्या आणि फिडलं मिळून कोंबडी काढतात, अंडं घालून साऱ्या गल्लीला सांगत फिरणारी. एकात आगगाडी टेसन सोडते. एकात घड्याळ टिकटिक करता करता बंद पडतं आणि कुणीतरी कर्रकर्र चावी देतं. शब्दच नाही तर रुसणार कशावर?

तव्यावरची इंग्रजी आम्हा दोघांनाही वाचता येईना. त्यानं पाकिटावर रंगानं चित्रं काढली. कोंबडी बरी आली आहे. आगगाडी घोणीसारखी दिसते.

पुढं त्याचा कायदाच झाला. आगगाडी लागली की वाढप्यांनी पाणी फिरवायचं. घड्याळ लागलं की भात. कोंबडी लागली की पंगत उठायची, हात धुवायचे, दुसऱ्या पंगतीला जागा करायची. "उठा आता" म्हणून पाहुण्याचा अपमान करायला नको. भोकर, हदगाव, इकडं सगळ्यांना ठाऊक होतं. कोंबडी ओरडली की तोंडातला घास गिळून माणूस उभा.

२७ जानेवारी, सोमवार

टीव्ही दुरुस्त करणाऱ्यानं मशीन चालू करून दिली. ताटली फिरते, सुई नवी आणली, पण तव्यांतला जीव गेला आहे. आवाज पार खोल, आडातून यावा तसा. मी बटण फिरवत गेले, फिरवत गेले, तेव्हा कुठं आगगाडी जरा हलली. तेवढ्यात शेजारचा मास्तर कुंपणापाशी येऊन दोन्ही कानांवर हात ठेवून नाचायला लागला. ह्या वयात ह्याला काय झालं? बिचाऱ्याचे कान दुखत असतील.

दुसरं म्हणजे कुकर. डाळ जळून कुकरचं बूड काळं झालं. मी शेजारीच शेंगा निवडत बसले होते, एक शिट्टी झाली असेल तर शपथ. शिल्पानं माझ्याकडं असं बघितलं की मीच शिट्टी लपवून ठेवली. हल्लीचे कुकर पण तसलेच.

चिमण्या तर यंदा अंगणात येऊन नुसत्या चोची उघडतात. औषधं मारून मारून त्यांचे गळे गेले.

२ फेब्रुवारी, रविवार

साखरपुडा झाला. आज अर्धंच पान आहे ते बरं आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

लिहिते. न लिहून काय, गावाला ठाऊकच आहे.

पंगत बसली. हदगावचे पाहुणे एका बाजूला, आमचे एका बाजूला. पोळी, वांग्याची भाजी वाढून झाली होती, बुंदी यायची होती. मी आगगाडीच्या पाकिटातला तवा काढला, लावला. चित्र आगगाडीचं म्हणजे तवा आगगाडीचा. आवाज नेहमीसारखा मेलेला. बसले बघत, तवा फिरत होता.

आणि म्हातारी माणसं उठायला लागली. आधी आमचा चुलतभाऊ, मग त्याच्या शेजारचा, मग तिकडचे हदगावचे. अर्ध्या ताटावरून. हात आखडून, निमूटपणे, जशी आमची जुनी पद्धत. तरणी पोरं बघतच राहिली. कोणी म्हणलं, पोरीकडचे रुसले. कोणी म्हणलं, पोराकडचे रुसले. प्रेमची आजी नीलाबाई, ऐंशीच्या पुढची बाई, तीही भिंतीला धरून उठली आणि मोरीकडं निघाली. बुंदीचा दाणा नाही तिच्या पोटात.

व्याही माझ्यापुढं येऊन उभा. तोंड लाल. हात नाचवत होता. शेवटचं तेवढं कळलं: "माझी माय उपाशी उठवली तुम्ही!"

लुंबिनी धावत आली, सुई उचलली आणि माझ्याकडं बघून म्हणली, "आजी, कोंबडी लागलीय. कवापासून कोंबडी ओरडून राहिलीय."

पाकिटं बदलली होती. आता पाकिटं बदलणं काय नवीन आहे? लग्नाच्या घाईत शंभरदा बदलायची. पहिला सूर निघाला की मी सुई उचलायची, कोणाला पत्ता लागायचा नाही. पण तवाच मुका असेल तर माझा काय दोष?

११ फेब्रुवारी, मंगळवार

घरात माझ्यावर सभा भरते. मी आले की बंद. काल पाठीमागून आले तर पंढरी बायकोला काहीतरी सांगत होता, तिनं डोळ्यांनी खूण केली, तो गप. मी म्हणलं, "बोल की. मी काय परकी हाय?"

पंढरी समोर बसला आणि लहान लेकराशी बोलावं तसं सावकाश बोलला. "माय, नांदेडला एक डॉक्टर हाय. डोक्याचा. नुसतं दाखवून येऊ."

"कोणाचं डोकं?"

"तुला इचारलं एक की तू सांगतीस दुसरंच. कुकर जाळलास. त्या दिवशी पंगत उठली तरी तू तशीच बसलेली."

"आणि लग्नात?"

"लग्नात डीजे. व्याह्यानं सांगितलंय. तव्यांना हात लावायचा न्हाई."

लुंबिनी दारात उभी होती. तिचा चेहरा बघून मला तिचाच राग आला. खूळ हिचं आणि डोकं माझं दाखवायचं.

मी ठरवलं. उदगीरला वीरण्णा आहे. निवृत्तीचा जोडीदार, कर्णे आणि मशीन दुरुस्त करायचा, अजून दुकान आहे म्हणतात. ट्रंक त्याला देऊन टाकते. मेलेले तवे त्याच्याकडं राहू देत. मग पंढरीनं डीजे लावावा नाही तर तोफ लावावी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उदगीरला जाऊन आले. लुंबिनी सोबत आली. ट्रंक बसच्या मागच्या सीटखाली, कंडक्टर म्हणला, "बॉम्ब हाय का काय मावशी?" म्हणलं, "हाव, तुझ्या लग्नाला राखून ठेवलाय."

वीरण्णा वाळून काडी झाला आहे, पण ओळखलं. "बर्री अक्का, कूडरी," त्याच्या कानडीत या, बसा म्हणत खुर्ची पुसून दिली. बायको वारली त्याची. दुकानात टीव्हीचे सांगाडे, आणि कोपऱ्यात अजून एक कर्णा, पोपटी रंग दिलेला.

म्हणलं, "वीरण्णा, तवे मुके झाले. घेऊन टाक."

त्यानं त्याच्या मशीनवर घड्याळाचा तवा लावला. फिरला. मी लक्ष देऊन ऐकलं. लांब कुठंतरी टिक, टिक, तेही असल्या-नसल्यासारखं. म्हणलं, "बघ. सांगितलं न्हवतं?"

तो मागं शेल्फाकडं गेला, सामान इकडचं तिकडं केलं. परत आला. माझ्यासमोर स्टूल ओढून बसला. माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, "अक्का, पाठीमागून मी काय म्हणालो?"

"तू कुठं काय म्हणलास?"

"चहात साखर किती टाकू म्हणून इचारलं. तीनदा."

मी लुंबिनीकडं बघितलं. ती खाली बघत होती. वीरण्णानं आपल्या कानात बोट घातलं आणि शेंगदाण्याएवढी काहीतरी मशीन काढून तळहातावर ठेवली. म्हणला, "तवा ठणठणीत हाय, अक्का. दुकानाबाहेर बघा, पानवाला मान डोलावतोय."

बघितलं. पानवाला कातरीनं घड्याळाबरोबर ताल धरून राहिला होता.

"आपल्या धंद्यात कोण वाचलं सांगा," वीरण्णा म्हणला. "मी कर्णे टेस्ट करून करून कानानं गेलो. तुम्ही तर सारी उमर कर्ण्याखाली बसला. निवृत्तीभाऊ वर झाडावर, तिथल्या कर्ण्याचं तोंड हवेत. तुमच्या डोक्यावर भोंगा."

ट्रंक त्यानं घेतली नाही. परत घेऊन आले. बसमध्ये लुंबिनीच्या डोळ्यांतून सारखं पाणी. तिला बस लागते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मला काही झालेलं नाही. वीरण्णा म्हातारा झाला आहे.

आज अंगणात उभी राहून चिमण्यांकडं लई वेळ बघितलं. चोची उघडत होत्या.

६ मार्च, गुरुवार

नांदेडचा सरकारी दवाखाना. डोक्याच्या नाही, कानाच्या खोलीत. लुंबिनीनं बापाला काय सांगितलं माहीत नाही, पण तो मुकाट सोबत आला आणि बाकड्यावर टोपी कुस्करत बसला.

मला काचेच्या खोपटात बसवलं, कानावर डबडी चढवली. पोरगी म्हणली, आवाज आला की बोट वर करा. मी तयारीत बसले. ती काचेपलीकडून बटणं दाबत होती आणि माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, अजून सुरू व्हायचं आहे.

नंतर तिनं विचारलं, "आजी, कारखान्यात कामाला होता का?"

म्हणलं, "न्हाई. लग्नात."

कानात मशीन बसवली. पहिला आवाज पंढरीचा. बाकड्यावरून उठून हळूच म्हणत होता, "येतंय का माय ऐकू?" हा माणूस इतक्या हळू बोलतो हे मला माहीत होतं, पण त्याचा आवाज त्याच्या बापासारखा झालाय हे कुणी सांगितलं नव्हतं.

बाकी मात्र त्रासच. बसचा पत्रा, पिशव्यांचा कागद, सगळं चरचरतं. घरी आले तर शिल्पाची चप्पल फटक फटक. म्हणलं, "ही काय घोडी चालवतीस?" ती हसली. हसणं पण मोठं आहे तिचं. मी उगाच तिला ओठ हलवणारी म्हणत होते. आणि पाहुण्यांसमोर कोणी माझ्याशी खच्चून बोललं की आता मीच सांगणार, "ओरडू नको, मी काय बहिरी हाय?"

१५ मार्च, शनिवार

सगळे तवे पुन्हा वाजवून बघितले. ज्याचं त्याचं पाकीट लावलं. घड्याळ शेंगदाण्याच्या पाकिटात होतं. शेंगदाणा म्हणजे खरं तर पियानो. निवृत्तीला पियानो काढता येईना, त्याला वाटलं टाळक्यावर शेंगदाणे पडताहेत असा आवाज, म्हणून शेंगदाणे काढले.

शेवटी कोंबडी लावली. कोंबडी सगळीकडं ओरडून थकते, बाजे थांबतात, आणि मग, सुई घसरायच्या जरा आधी, त्या वाजवणाऱ्यांतला एक माणूस हळूच हसतो. कुठल्या देशातला, कोण, काय माहीत. निवृत्ती रोज त्याच्याबरोबर हसायचा. किती वर्षं झाली मला तो ऐकू आला नव्हता. मी समजत होते, तव्याचं तेवढं टोक झिजलं.

पुन्हा लावला. अजून एकदा लावला. शिल्पा मिरच्या कुटत होती, तिखट नाकात गेलं माझ्या, डोळ्यांना धारा. खिडकी लाव म्हणलं तर म्हणते, "कुटणं कवाच झालं मामी."

२८ मार्च, शुक्रवार

पंढरी अजून डीजेवर अडलेला. "कानाचं कळलं माय, पण व्याह्याला कोण समजावंल? पुन्हा काही झालं तर पोरगी तिकडं बोलणी खाईल." हे त्याचं खरं आहे. मी वाद घातला नाही. माझ्यापायी पोरीनं टोमणे खावेत, हे काही चांगलं नाही. मी ट्रंकेला कुलूप घातलं.

संध्याकाळी प्रेम आला. हदगावहून मुद्दाम. लुंबिनी त्याला पाणी द्यायला गेली तर म्हणला, काम आजीशी आहे. माझ्यासमोर बसला, घसा साफ केला. "नीलाआजीनं निरोप दिलाय. जसाच्या तसा सांग म्हणली."

"सांग."

"म्हणली, माझ्या लग्नात ती कोंबडी वाजली होती. मला तिच्यावरून उठायची सवय हाय. डीजे लावाल तर मी पंगतीला बसणारच न्हाई. आणि त्या बाईला म्हणावं, ह्या वेळी बुंदी पोटात जाऊ दे, मग लाव."

पंढरी दारात उभा राहून ऐकत होता. म्हणला, "व्याही काय म्हणले?"

"पप्पा काय म्हणणार?" प्रेम म्हणला. "त्यांची आईच म्हणली ना."

पोरगा मला बरा वाटला. हदगावचा असला तरी.

२१ एप्रिल, सोमवार

काल लग्न झालं. आज माणसं गेली, लिहायला बसले.

वंदना, पंचशील झालं, मग पंगत. मी मशीनपाशी. कर्णा ह्या वेळी दूर बांधला, वीरण्णा उदगीरहून येऊन स्वतः बांधून गेला. झाडावर चढला नाही, मांडवाच्या खांबाला बांधला. जेवला, माझ्या मशीनच्या बॅटऱ्या तपासल्या, माझ्या कानाच्या मशीनच्या पण तपासल्या. "निवृत्तीभाऊ असता तर मला चढवला असता," म्हणला.

मांडवात गलका इतका की कानात नुसतं पातेलं वाजून राहिलं. पण पाकिटं बरोबर होती आणि पहिला सूर माझा मला येत होता. आगगाडी लावली. वाढपी पोरं तशीच उभी, त्यांना काय ठाऊक. मग आमच्या चुलतभावानं ताटावरूनच आवाज दिला, "अरे पाणी! गाडी सुटली की!" पोरं पाण्याचे जग घेऊन पळाली. मांडव हसायला लागला. घड्याळाला भात आला. चावी देण्याचा आवाज आला तेव्हा बारकी लेकरं कर्ण्याखाली जमा झाली. त्यांना मी हाकललं. कर्ण्याखाली कोणी उभं राहायचं नाही.

मग कोंबडी. तवा हातात घेतला. दुसरी पंगत खोळंबली होती, व्याही मनगटावरचं घड्याळ दाखवत आला. "लावा की आता, माणसं तिष्ठून राहिली."

मी नीलाबाईकडं बघत होते. दात नाहीत बाईला, बुंदीचा एक एक दाणा चघळून राहिली. घाई तर नाहीच. वर शिल्पाला बोलावून अजून वाढायला लावली.

म्हणलं, "व्याहीबुवा, तुमची माय जेवून राहिलीय."

त्यानं एकदा मायकडं बघितलं. मग माझ्याच शेजारी खुर्ची ओढून बसला. आम्ही दोघं तिची बुंदी संपायची वाट बघत बसलो. पानं रिकामी, सगळे आमच्याकडं बघताहेत, आणि नीलाबाई बोटं चाटून राहिली. शेवटी तिनं हात वर केला. लावली.

कोंबडी ओरडली तशी सगळी म्हातारी एकदम उठली. तरणी पोरं पण उठली, हसत, एकमेकांना ढकलत. लुंबिनी नवऱ्याच्या बाजूला बसली होती, तीही उभी राहिली. तिला कशाला उठायचं होतं, ती तर जेवलीपण नव्हती.

तव्यातलं शेवटचं हसू गलक्यात बुडालं असेल. मला मात्र आलं ऐकू.

२६ एप्रिल, शनिवार

आज अंगणात गहू वाळत घालत होते. पंढरी आत फोनवर. मधी भिंत, दार लोटलेलं, तरी शब्द न् शब्द आला. हदगावकडचं कोणी लग्नातून ऐकून गेलं असेल, त्यांच्याकडं मे महिन्यात लग्न आहे, तवे पाहिजेत. आणि माझा लेक म्हणतो, "न्हाई जमणार हो. माय थकली आता. तिला इचारून पण काही उपयोग न्हाई."

मी गव्हाचं सूप तिथंच ठेवलं आणि आत गेले. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. त्याला वाटलं होतं अंगण लांब आहे. फोन त्याच्या हातातून घेतला आणि विचारलं, "पंगत किती वाजता बसणार?" 

रात्री लुंबिनीला सासरी सांगितलं, वीरण्णाला उदगीरला सांगितलं. इथं पण लिहून ठेवते, पंढरीनं आणि शिल्पानं वाचावं म्हणून पान उघडंच ठेवीन. तव्यांसाठी कोणाचाही फोन आला, कुठूनही आला, तर पंढरीनं उचलून एवढंच म्हणायचं: "थांबा, देतो." आणि गप माझ्या हातात द्यायचा. हाव म्हणायचं का न्हाई म्हणायचं, ते उत्तर ह्या घरात मी देणार.